जॅकेटच्या आत घाम, मग हुडहुडी: स्कीच्या कपड्यांतला दोष कसा शोधायचा

ठाणे-नवी मुंबईतून स्की शिकायला जाणाऱ्या गटांबरोबर मी बरीच वर्षं जाते आहे. कधी गुलमर्ग, कधी औली, कधी मनालीजवळचं सोलंग. थंडीपेक्षा जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘ताई, जॅकेटच्या आत अंघोळ झालीये.’ तासाभराने तोच माणूस लिफ्टच्या रांगेत दात वाजवत उभा असतो. थंडी वाढली असं समजून तो संध्याकाळी बाजारातून आणखी एक स्वेटर घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला आणखी घाम येतो.

फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये हे जास्त होतं. आकाश निरभ्र असतं, ऊन बर्फावरून उलटून अंगावर येतं, वारा पडलेला असतो आणि आपण मात्र जानेवारीतल्या हिमवर्षावाच्या तयारीने गेलेलो असतो. ज्याला त्याला जॅकेटचा संशय येतो आणि महागडं जॅकेट घ्यायला हवं होतं असं वाटतं. माझ्या अनुभवात जॅकेट हे शेवटचं कारण निघतं. त्याच्या आधी तपासण्यासारख्या पुष्कळ गोष्टी आहेत आणि त्यातल्या बहुतेक फुकट आहेत.

लक्षणं

पाठीचा मधला भाग आणि छातीची मधली पट्टी आधी ओली होते. गॉगल आतून धुरकट होतो, पुसला की पुन्हा धुरकट. हेल्मेट काढलं की केस ओले असतात. ग्लोव्ह्ज काढून पुन्हा घालायला गेलं तर आतलं अस्तर बोटांना चिकटून बाहेर येतं. चढताना चेहरा लालबुंद होतो आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत पाठीतून थंडी शिरते. बुटांत पाय गार पडतात, पण मोजे काढून पाहिले तर ते दमट असतात. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर तुम्हाला कपडे कमी पडलेले नाहीत, जास्त झालेत.

असं का होतं हे थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पुढची तपासणी सोपी जाते. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातली २० ते २५ टक्केच हालचालीत जाते, उरलेली सगळी उष्णता होते. नवशिक्याचं काम तर सराइतापेक्षा जास्त असतं. तो पडतो, उठतो, खांद्यावर स्की घेऊन चालतो, छोट्या उतारावर साइड स्टेप करत, म्हणजे आडवं उभं राहून एकेक पाऊल बाजूला टाकत, पुन्हा वर चढतो. घाम सुकला तर शरीर गार राहतं. तो कपड्यात अडकला तर मात्र पुढे त्रास देतो, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून दुपारच्या हुडहुडीचं कारण सकाळच्या घामात शोधायचं.

निघतानाची सवय

पहिली तपासणी हॉटेलच्या खोलीतच करा. खोलीत बुखारी किंवा हीटर चालू असतो. सगळे थर, वरून जॅकेट, डोक्याला टोपी असा जामानिमा करून माणूस बूट घालायला वाकतो. स्कीचे बूट चढवणं हेच कष्टाचं काम आहे. बकल लावून होईपर्यंत बनियन ओलं झालेलं असतं आणि दिवस अजून सुरूही झालेला नसतो. आधी बूट घाला, जॅकेट दाराबाहेर पडताना घाला.

बाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटं किंचित थंडी वाजली पाहिजे. दारात उभं असताना अगदी उबदार, छान वाटत असेल तर दहा मिनिटं चालल्यावर तुम्हाला उकडणार. आपल्याकडच्या लोकांना हे पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण घरून निघताना आईने, सासूबाईंनी ‘अंगावर घाल रे काहीतरी’ असं दहा वेळा बजावलेलं असतं. थंडीची ही भीती मला समजते. ठाण्यात १६-१७ अंशांना आपण शाल काढतो. पण इथे अंग हलत असणार आहे हे कपडे ठरवताना धरलं पाहिजे.

चेन, टोपी, गळा

जॅकेटच्या काखेत चेन आहे का, हात घालून बघा. स्कीच्या जॅकेटना बहुतेक वेळा असते, पँटला मांडीच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला असते. गटातल्या कितीतरी जणांना स्वतःच्या जॅकेटला ती आहे हेच ठाऊक नसतं. चढायला लागण्यापूर्वी ती उघडा आणि लिफ्टमध्ये बसण्यापूर्वी बंद करा. घाम आल्यावर उघडून उपयोग कमी होतो, कारण तोवर आतला कपडा ओला झालेला असतो आणि गार हवा थेट ओल्या कापडावर येते.

माकडटोपी घालून त्यावर हेल्मेट चढवू नका. अर्धी उष्णता डोक्यातून जाते असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. डोकं हा शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा आहे आणि उष्णताही त्याच प्रमाणात जाते. पण चेहरा आणि डोकं गरम झालं की आपल्याला सगळंच असह्य वाटतं, म्हणून टोपी काढल्याचा फरक लगेच जाणवतो. हेल्मेटला वर सरकणारी झडप असेल तर ती उघडा. गळ्याला मफलरऐवजी पातळ बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, पुरतो. गॉगल कपाळावर किंवा घामेजल्या टोपीवर चढवून ठेवू नका, तो तिथेच धुरकट होतो.

मधला थर काढा

इथवर फरक पडला नाही तर जॅकेटच्या आतला स्वेटर किंवा फ्लीस काढून बॅगेत टाका. यालाही पैसे लागत नाहीत, फक्त पाठीवर छोटी बॅग हवी. बॅग नाही म्हणून लोक दिवसभर स्वेटर अंगावर वागवतात.

माझा ढोबळ हिशेब असा आहे. उणे पाच अंशांच्या खाली असेल तर अंगालगतचा कपडा, फ्लीस आणि बाहेरचं जॅकेट. उणे पाच ते अधिक तीन या टप्प्यात फ्लीस पातळ किंवा बिनबाह्यांचं. तीनच्या वर आणि ऊन असेल तर अंगालगतचा कपडा आणि त्यावर अस्तर नसलेलं पातळ जॅकेट, फ्लीस बॅगेत. चटकन घाम येणाऱ्याने यातून एक पायरी खाली यावं, फार बारीक अंगाच्या माणसाने एक पायरी वर जावं.

फ्लीस बॅगेत ठेवायचं, हॉटेलात नाही, याला कारण आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे ३,१०० मीटरवर पोचतो आणि दुसरा अफरवटच्या अंगाला ३,९०० च्या वर. खाली पाच अंश असताना वर उणे तीन असू शकतं. त्यात वारा आला तर वेगळाच हिशेब होतो. शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे सहा-सातसारखं लागतं.

आणि ऊन आहे म्हणून नुसत्या टी-शर्टवर उतारावर जाऊ नका. मार्चमधला बर्फ ओला असतो, पडलं की कापड भिजतं. घट्ट बर्फावर उघडं कोपर घासलं तर साल निघते. बाहेरचा थर पातळ चालेल, पण तो असू द्या.

जेवणाच्या सुट्टीत हात घालून बघा

नेमका दोष कुठे आहे ते इथे कळतं, म्हणून ही तपासणी मी कधी चुकवत नाही. जेवायला बसल्यावर, अंग सुकायच्या आत, एकेक थर उघडून तळहात लावायचा.

खारघरच्या एका काकांचं कोंगडोरीला असंच पाहिलं होतं. वरचं जॅकेट उघडलं, आतलं अस्तर कोरडं. त्याखाली बिनबाह्यांचं फुगीर जॅकेट, तेही कोरडं. हाताने विणलेला स्वेटर पाठीकडे जरासा दमट. त्याखाली चांगल्यातलं पॉलिएस्टरचं थर्मल, ओलसर. काका म्हणाले, ‘थर्मलच बोगस दिसतंय.’ थर्मलचा गळा जरा ओढला, तर आत पांढरं सुती बनियन. पिळलं असतं तर पाणी निघालं असतं. त्यांनी बनियन काढलं, फुगीर जॅकेट आणि स्वेटर बॅगेत टाकले, आणि थर्मलवर थेट जॅकेट घातलं. दुपारी चारपर्यंत काका कोरडे होते.

हाताला काय लागलं त्यावरून निदान करायचं. अंगालगतचा कपडा चिंब आणि वरचा कोरडा असेल तर दोष अंगालगतच्या कपड्यात आहे, तो घाम पुढे ढकलत नाही. फ्लीसही ओलं आणि जॅकेटच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर एकतर थर जास्त झालेत किंवा जॅकेट वाफ बाहेर सोडत नाही. फक्त पाठ ओली असेल तर बॅगेमुळे आहे, तेवढ्याने घाबरायचं नाही. मांड्या ओल्या असतील तर पँटच्या आत बघा.

अंगालगतचा कपडा

बनियन हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे. बाकी सगळं बदलतं, पण बनियन आत राहतं, कारण ते कपड्यांत मोजलंच जात नाही. बायकांच्या बाबतीत हीच गोष्ट सुती ब्रेसियरची. त्याऐवजी व्यायामाची, पॉलिएस्टर किंवा नायलॉनची घ्या. सुती कापड पाणी धाग्यातच शोषून धरून ठेवतं. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीत नाही, ते कापडाच्या पृष्ठभागावर पसरतं आणि उडून जातं. मेंढीच्या मेरिनो लोकरीचा कपडा ओलसर झाला तरी गार लागत नाही आणि वासही धरत नाही, पण महाग असतो. घ्यायचाच असेल तर उबदार दिवसांसाठी दर चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या आसपासचा घ्या, २५० चा नको.

बाजारात थंडीसाठी म्हणून मिळणारी जाड, पांढरी, चौकडीची शिवण असलेली थर्मल्स बहुतेक सुती किंवा सुतीमिश्रित असतात. रात्री झोपताना उत्तम, उतारावर नको. लेबल वाचा. लेबल निघून गेलं असेल तर घरी बघता येतं. ते थर्मल आणि धावण्याचा एक टी-शर्ट सारखेच भिजवून, पिळून पंख्याखाली टांगा. टी-शर्ट सुकला आणि थर्मल अजून गारढोण असेल तर उत्तर मिळालं.

नवीन काही घ्यायची गरजही बहुतेक वेळा पडत नाही. ठाण्यात मॅरेथॉन धावलेल्या माणसाच्या कपाटात पॉलिएस्टरचे टी-शर्ट असतातच. पूर्ण बाह्यांचा, अंगासरशी बसणारा एक निवडा. ढगळ नको, कापड कातडीला टेकलं तरच घाम उचलतं. आणि असे कपडे धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड घाम पसरवेनासं होतं. कपडा चांगला असून काम करत नसेल तर घरी हे विचारा, हमखास सापडतं.

कंबरेखाली

अस्तर भरलेली स्की पँट, आत थर्मल, त्याच्याही आत जीन्स असे थर मी पाहिले आहेत. जीन्स तर कधीच नको, ती ओली झाली की गुडघा वाकवतानाही अडते. अस्तरवाल्या पँटखाली उबदार दिवशी फक्त आतली चड्डी किंवा अगदी पातळ टाइट्स पुरतात. मांड्या हे सगळ्यात जास्त काम करणारे स्नायू आहेत, त्यांना गार पडायला वेळच मिळत नाही.

मोजे एकच जोड, पातळ, गुडघ्याखालपर्यंतचे. दोन जोड लोकरी मोजे घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही, घाम साठतो आणि पाय गार पडतात. मग तिसरा जोड घालावासा वाटतो. दुसऱ्या दिवशी कालचे मोजे घालू नका, आणि रात्री बुटांचं आतलं अस्तर काढून खोलीत उघडं ठेवा. बुखारीला टेकवून नको, आतला फोम वितळतो.

भाड्याचं ओव्हरऑल आणि स्वतःचं जॅकेट

सोलंगच्या रस्त्यावर भाड्याने मिळणारे जाड, एकसंध ओव्हरऑल बर्फात उभं राहून फोटो काढायला ठीक आहेत. स्की शिकायला ते चालत नाहीत. आत जाड भरण असते, चेन एकच असते, आणि थर काढायचा म्हटलं तर सगळंच उतरवावं लागतं. भाड्यानेच घ्यायचं असेल तर जॅकेट आणि पँट वेगवेगळं मागा आणि काखेतली चेन बघून घ्या. तसंच पिसांचं जॅकेट संध्याकाळी फिरताना घाला, उतारावर नको. पिसं घामाने ओली झाली की फुगीरपणा जातो आणि ऊबही जाते.

विकत घेणार असाल तर मुंबईकरांना माझा आग्रह शेलचाच, म्हणजे बिनअस्तराच्या बाहेरच्या जॅकेटचाच असतो. ऊब आतल्या फ्लीसने कमी-जास्त करता येते, अस्तर काढता येत नाही. शिवाय तेच जॅकेट पावसाळ्यात सह्याद्रीत वापरता येतं. लेबलवर दोन आकडे असतात. पाणी अडवण्याचा मिलिमीटरमध्ये, वाफ सोडण्याचा ग्रॅममध्ये. दोन्ही १०,००० च्या आसपास असले की शिकणाऱ्याला भरपूर झालं.

पण वाफेच्या आकड्यावर फार विसंबू नका. कापडातला पडदा वाफ बाहेर ढकलतो तो आतल्या दमट, गरम हवेत आणि बाहेरच्या कोरड्या, गार हवेत फरक असतो म्हणून. उबदार दिवशी हा फरकच कमी होतो. पावसाळ्यात रेनकोट घालून माहुली चढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको, आतून-बाहेरून सारखंच भिजायला होतं. म्हणून सौम्य हवेत आकड्यापेक्षा काखेतली चेन जास्त कामाची.

माळ्यावरच्या जॅकेटचा आजार

आपल्याकडच्या दमट हवेत होणारा दोष वेगळा आहे. गेल्या वर्षी उत्तम चाललेलं जॅकेट यंदा आत पाणी धरतं. आधी मोरीत उभं राहून बाहेरच्या कापडावर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक. कापड गडद होऊन पाणी पिऊ लागलं तर वरचं पाणी झटकणारं लेपन झिजलंय किंवा मळलंय. बाहेरचं कापड भिजलं की आतली वाफ अडते, आणि जॅकेट गळतंय असं वाटतं. खरं तर तो तुमचाच घाम असतो.

उपाय सोपा आहे. अशा कपड्यांसाठी मिळणाऱ्या खास साबणाने धुवा, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा. लेबलवर परवानगी असेल तर मध्ये सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा, उष्णतेने लेपन पुन्हा उठतं. तरीही थेंब उभे राहत नसतील तर वरून मारायचा फवारा मिळतो.

आता जॅकेट उलटं करून शिवणींच्या पट्ट्या आणि आतली बाजू बघा. ती चिकट लागत असेल, पांढरे पापुद्रे सुटत असतील, आंबट वास येत असेल तर आतला पॉलियुरेथेनचा थर दमटपणाने आणि उष्णतेने सडला आहे. दोन-तीन पावसाळे प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर काढलेल्या जॅकेटचं हे नेहमीचं होतं. ते धुवून सुधारत नाही. त्यावर खर्च करू नका, बदला. नवीन जॅकेट हँगरवर, हवा लागेल असं ठेवा.

इथे थांबा, दुसऱ्याला दाखवा

काखेत चेन नाही म्हणून जॅकेट नाक्यावरच्या टेलरकडे नेऊ नका. सुईची प्रत्येक टोच पाणी आत घेते आणि शिवणीवरच्या पट्टीशिवाय ते बंद होत नाही. शिवणीची पट्टी सुटली असेल किंवा मुख्य चेन गेली असेल तर असे तांत्रिक कपडे दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या. एक पातळ मोजा घालूनही पाय बधिर होत असतील तर बुटाचं माप चुकलंय, भाड्याच्या दुकानात परत जा आणि तिथल्या माणसाकडून पायाचं माप घेऊन बूट बदला.

घाम खूप येतो, पाळी जाण्याच्या वयातल्या गरम लाटा आहेत, थायरॉइड आहे किंवा रक्तदाबाची गोळी चालू आहे, अशांनी निघण्यापूर्वी ठाण्यातच आपल्या डॉक्टरांशी बोलावं. यातली काही कारणं कपड्यांनी सुटत नाहीत.

आणि डोंगरावर काही लक्षणं अशी असतात जिथे चेन उघडत बसायचं नाही. थर काढले, सावलीत बसवलं, पाणी पाजलं, तरी अर्ध्या तासाने डोकं ठणकतंय, मळमळतंय, चालताना तोल जातोय, तर ती उंचीची बाधा धरा. ठाणं समुद्रसपाटीला, सकाळी विमानाने श्रीनगर, संध्याकाळी गुलमर्ग असा प्रवास झालेला असतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो. अशा माणसाला आणखी वर नेऊ नका. गोंडोलाने खाली आणा आणि डॉक्टरांना दाखवा. बोलण्यात गोंधळ असेल किंवा सरळ रेषेत चालता येत नसेल तर एक मिनिटही थांबू नका.

ओल्या कपड्यात हुडहुडी थांबत नसेल, जीभ जड झाली असेल, बोटांनी चेन धरता येत नसेल तर शरीराचं तापमान घसरतंय. आडोशाला न्या, ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, इन्स्ट्रक्टरला सांगून स्की पॅट्रोलला, म्हणजे उतारावरच्या बचाव पथकाला, बोलवा. जोराने चोळू नका.

फारसे कष्ट न करता गार घाम फुटला असेल आणि छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखत असेल तर ते कपड्यांचं नाही. हालचाल थांबवा, त्या व्यक्तीला बसवा, स्वतःच्या पायाने खाली चालत जाऊ देऊ नका आणि स्की पॅट्रोलला स्पष्ट शब्दांत सांगा: हृदयाचा त्रास असू शकतो.